पुठ्ठा

एप्रिलात कुह्मोकडचे रस्ते मऊ पडतात.
बर्फ खालून सुटतो, चाकं रुततात,
म्हणून लाकूडतोडीची यंत्रं महिनाभर
जंगलाच्या कडेला गप उभी राहतात
आणि आमचं काम सुरू होतं.

वोइत्तोने पहिल्या दिवशी माझ्या हाती पाना दिला नाही.
कॉफीचं खोकं फाडलं,
त्याचा पुठ्ठा लांब काठीला तारेने बांधला,
म्हणाला, "साइमी, हे तुझं पहिलं हत्यार."
मला वाटलं, नव्या पोरीची थट्टा चाललीय.

सतरा टनांचं जुनं धूड.
त्याचा लोखंडी हात हवेत अर्धवट राहिलेला,
कुणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखा.
वोइत्तो त्याच्या सावलीतून गेला नाही.
ओल्या बर्फातून गुडघाभर वळसा घातला,
केबिनमध्ये चढला, आणि आधी तो हात
जमिनीला टेकवला. हळू.
झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा.
मग इंजिन बंद.
मग बंद यंत्राचे दांडे पुढे, मागे, पुन्हा पुढे.
आत कुठेतरी एक सुस्कारा.
मग किल्ली स्वतःच्या खिशात.

"इंजिन झोपतं," तो म्हणाला, "दाब झोपत नाही.
त्या काळ्या गोळ्यात तर तो
आठवडाभर दबा धरून बसेल.
तो आपण वेगळा रिकामा करायचा."

दाबमापक जोडलं.
तेल गार असताना काटा खोटं बोलतो,
म्हणून वीस मिनिटं नुसती घरघर ऐकत उभे.
माझे पाय गारठले. तो घाई करेना.
मग केबिनमधून त्याची हाक: "कुठे आहेस?"
"झाडापाशी!"
"दिसत नाहीस."
मी दिसेपर्यंत त्याने दांड्याला बोट लावलं नाही.

काटा चढला. एकशे साठ. एकशे नव्वद.
तिथेच थरथरत राहिला.
दोनशे तीस हवे होते.

कुठेतरी गळत होतं, पण थेंब नाही, आवाज नाही.
वळणावरच्या नळीवर किंचित धुकं, इतकंच.
मी दोन पावलं पुढे झाले,
हातमोजा होता की हातात,
आणि कधीच आवाज न चढवणारा माणूस ओरडला,
"पुठ्ठा!"

लांबूनच काठी नळीवरून सरकवली.
काहीच झालं नाही.
काहीच झालं नाही.
मग पुठ्ठ्यावर एक काळी रेघ उमटली,
आणि त्या रेघेतून पलीकडचं बर्फ दिसलं.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. टेकवणं, बंद करणं, सुस्कारा, किल्ली.
नळी उतरवल्यावर त्याने डावा मोजा काढला.
तोवर मी ती मूठ झाकलेलीच पाहिली होती.
तर्जनी नव्हती. तळव्यात शिवणीची लांब दोरी.

"डास चावल्याएवढा ठिपका होता," तो म्हणाला.
"दुखलंसुद्धा नाही. तेच वाईट.
पाळी संपवली, माशाचं सूप प्यालो, झोपलो.
सकाळी कयानीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
किती तास झाले?
मी तास सांगितले. त्या पुढे काही बोलल्या नाहीत."
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते
मी तिथे, त्या चिखलात, खरोखर पाहिलं.

नवी नळी बसली. काटा दोनशे बत्तीस.
त्याने अजून दोनदा बघितलं
आणि वहीत तिन्ही आकडे लिहिले.
खोकं फाडल्यामुळे कॉफी पावाच्या डब्यात ओतलेली,
महिनाभर पावाला तिचाच वास.

जूनमध्ये डास आले, ढगांसारखे.
अजून बोटावर लाल ठिपका दिसला
की मी खाजवत नाही.
आधी घड्याळ बघते,
मग आठवते, आज कशाकशाला हात लावला.