निळा थेंब

व्हर्ना लिंडक्विस्टने आधी सगळं पुसून कोरडं केलं,
सिंकला बूच लावून पाण्यात
केकचा उरलेला निळा रंग कालवला
आणि टॉर्च दातांत धरून ओट्याखाली आडवी झाली.

वरच्या कड्याला बोट लावलं. कोरडं.
डिशवॉशरच्या नळीला टिश्यू गुंडाळला. पांढराच.
हात वर घालून चाचपत बूच ओढलं.
कचरा दळणाऱ्या यंत्राच्या बुडाशी
एक निळा थेंब जमला,
विचारात पडल्यासारखा थांबला,
आणि पडला तो तिच्या चष्म्यावर.

बूड गळतंय म्हणजे आतलं सील गेलं.
त्याला औषध नाही.

डुलुथमध्ये बाहेर उणे एकवीस.
दीर फोनवर म्हणाला, प्लंबर येईपर्यंत हात लावू नकोस.
तिने मेन स्विच पाडला.

जुनं धूड उतरवताना पुट्टी निघाली,
वाळून खडू झालेली. तिच्यात अंगठ्याचा ठसा.
ऑरविलचा असेल,
किंवा घराच्या आधीच्या मालकाचा.
खरवडून टाकली.

नवं यंत्र एकटीला उचलेना.
गाडीचा जॅक आणला, दांडा फिरवत
बोटबोटभर वर चढवलं.
खट्.

रात्री बटाट्याची सालं गुरगुरत गेली.
खालचं वर्तमानपत्र कोरडं.
तरी झोपण्याआधी दोनदा
ती गुडघ्यांवर बसून बघून आली,
चष्मा अजून न पुसता.