धुराडं

पाचगणीत त्या पौषात
शेगडीचा धूर खोलीतच मुक्कामाला.
कासम मुलाणी पत्र्यावर चढला,
साखळीला काथ्याचा बोळा बांधून
नळीत सोडला, वरखाली, वरखाली.
पाटीत पडल्या
काळ्या चकचकीत खपल्या,
करपल्या काकवीसारख्या.

"काय जाळता?"
"सिल्व्हर ओक. गेल्या आठवड्यात पाडलेला."
तो हसलाही नाही.
"ओलं लाकूड जळत न्हाई, ताई, धुमसतं.
धुमसल्यालं समदं नळीत बसतं.
मग एक दिस नळीच पेट घेती."

पैसे मोजून घेतले, गेला.

यांना म्हटलं,
पुढच्या खेपेची लाकडं उन्हाळ्यातच फोडू,
छपराखाली रचू, वारा लागेल अशी.
आणि दिवाळीपासूनचं ते आपलं,
ते आज बोलू.

यांनी फुंकणी
खाली ठेवली.