यात मोडत नाही

आबांनी ट्रंकेतून क्रीम कलरचा शर्ट काढला.
क्रीम त्यांच्या तोंडात बसत नाही, ते म्हणतात सायीचा.
घेताना महाद्वार रोडचा दुकानदार म्हणाला होता,
"पाव्हणं, ह्यो क्रीम हाय,"
आणि आबा म्हणाले होते, "म्हंजे मळणार."
मळला नाही. घातलाच नाही फारसा.
पाडव्याला म्हशींच्या शिंगांना मोरपिसं बांधून
मिरवणुकीत धावले, तेव्हा एकदा.
आणि आज.

आज माझा नॉन-क्रिमीलेयर काढायचा होता.
सेतूत आमचा नंबर एकशे बारा.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला
दोन बिस्किटांच्या मध्ये. दातांनी खरवडून खाल्ला.
मग मामीच्या डबीत भेटला, सात दिवसांत उजळ करणारा.
आठव्या दिवशी मामी मामीच होती,
डबी तेवढी शेंदूर ठेवायला झाली.
मग क्लासमध्ये. सर भिंतीपलीकडच्या पोरांना
क्रीम बॅच म्हणायचे.
त्यांच्याकडे एसी होता, आमच्याकडे त्याचा आवाज.

खिडकीतल्या क्लार्कनं कागद चाळले.
जात: गवळी. धंदा: दूध. म्हशी: पाच,
त्यांतली एक गाभण, एक भाकड.
(भाकड असं लिहायचं नसतं म्हणून मी खोडलं होतं.)
चष्म्यावरून बघत तो म्हणाला,
"काय वो, गवळी असून क्रीम न्हाई म्हंता?"

रांग हसली.
मीही हसले. ते नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

आबा हसले नाहीत.
माणसानं खरंच विचारलंय असं धरून
खिडकीच्या गजाला हात लावून सांगू लागले:
"सायेब, सांजच्याला गंगावेशीत म्हस हुबी करतो.
गिऱ्हाईक पेला घिऊन पुढ्यात. धार थेट पेल्यात.
तालमीतली पोरं हुब्यानं पित्यात.
वर येतो त्यो फेस. मिशीला लागतो, तेवढाच.
साय येगळी.
सायीला दूध तापावं लागतंय, मग निवावं लागतंय,
आनि निवताना भांडं कुनी हलवायचं नसतंय.
आमचं भांडं कवा थांबलंय?"

क्लार्क शिक्का शोधत होता.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणालातरी
बदलीचं सांगत होतं, मलईचं खातं, म्हणत होतं,
ते आबांनी ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
एवढंच की परत येताना
सायकलच्या घंटीवर त्यांचा अंगठा उगाच वाजत राहिला.

एकवीस दिवसांनी दाखला आला.
आबा गोठ्यातून आले, हात धुतले,
पुन्हा धुतले, मग कागद धरला
आणि पेंडेच्या पोत्यावरची अक्षरं वाचावीत तसा
एकेक शब्द उचलून वाचला:
उन्नत... व प्रगत... व्यक्ती... गट...
यात मोडत नाही.

थांबले.
"मोडत न्हाई," परत म्हणाले, आवाज चढवून,
आईला आत ऐकू जावं म्हणून.
"ऐकलंस? तुझी पोरगी मोडत न्हाई,
सरकारनं शिक्का मारून लिवून दिलंय."

मी सांगणार होते की याचा अर्थ तसा नाही.
नाही सांगितलं.

रात्री लायब्ररीतून उशिरा आले.
चुलीशेजारी जाळीखाली छोटं पातेलं,
कट्ट्यावर नेण्याआधी आईनं
माझ्या नावानं काढून ठेवलेलं, पावशेरभर.
दूध निवलं होतं. वर सबंध साय,
मधे एक बारीक फोड, बाकी सपाट,
पहाटेच्या रंकाळ्यासारखी.
मी वाकून हळूच फुंकर घातली.
सुरकुतली. फाटली नाही.

आई झोपलीय असं वाटलं होतं.
अंधारातून म्हणाली,
"हलवू नगंस. सकाळपतोर असू दे."