हातचा

गणिताची पेटी आहे आमच्या शाळेत.
निळी, पत्र्याची, दोन कड्या, एक कुलूप.
आत काय आहे ते मला तोंडपाठ,
कारण दर जूनला मी ते मोजून लिहिते:
मणी शंभर, ठोकळे, दोन पारड्यांचा तराजू,
आणि प्लॅस्टिकचं घड्याळ, ज्यात अजून कुणी
साधे बारासुद्धा वाजवलेले नाहीत.
शेरा: सुस्थितीत.

एक मणी हरवला तर भरून कोण देणार बाई,
आधीचे गुरुजी किल्ली देताना म्हणाले होते.
अकरा वर्षं झाली. किल्ली अजून
माझ्या पर्समध्ये, सुट्ट्या पैशांबरोबर वाजते.

म्हणून आमची तिसरी तुराट्यांवर चालते.
तूर झोडून झाली की तौफिकचे अब्बा
टमटमभर आणून टाकतात व्हरांड्यात.
लेकरं टिचभर मापानं मोडतात,
टोचू नयेत म्हणून टोकं फरशीला घासतात,
दिवसभर वर्गात तो खरखर आवाज.
दहा काड्या, एक रबर: दशक.
रबर संपले, मग सुतळी.
सुतळी संपली तेव्हा समाधाननं
स्वतःच्या करदोड्याकडं पाहिलं.
मी म्हटलं, नको.

पाडवा झाला आणि अनुसया नागरगोजे परत आली.
हजेरीत तिच्या नावापुढं पाच महिन्यांच्या आडव्या रेघा,
हातांवर पाचटाच्या उभ्या.
मी दहा काड्या दिल्या. तिनं सुतळी मागितलीच नाही.
कुंपणाला अडकलेलं कडब्याचं पान घेतलं,
रांजणात बुचकळलं, पीळ दिला, फिरवलं,
आणि गाठ न मारता शेवट आत खोचला.
एवढ्या वेळात तौफिकची पहिली गाठ सुटली होती.
काय झालं हे? मी विचारलं.
मला दशक ऐकायचं होतं.
मोळी, ती म्हणाली.
त्या दिवसापासून वर्गात दशक कुणी म्हणत नाही.

मग ते गणित आलं. बेचाळीस वजा सतरा.
चार मोळ्या, दोन सुट्ट्या.
दोनातून सात जातात का?
नाहीईई.
मग काय करायचं?
मोळी सोडायची, हातचा घ्यायचा! सगळा वर्ग,
एका सुरात, अगदी मी पढवलं तसा.

अनुसया मोळ्यांवर हात ठेवून बसली.
बांधलेली सोडत नसतेत बाई.
मुकादम मोजत नाही मग.

मी हसले नाही, बरं झालं.
फळ्यावर चारावर काट मारून झाली होती,
डोक्यावर तीन, दोनाच्या जागी दाटीवाटीनं बारा.
तिनं तिकडं पाहिलंच नाही.
एक मोळी आख्खी बाजूला सारली.
दुसरी गुडघ्यात उभी दाबली
आणि वरून एकेक करत सात काड्या उपसल्या.
पीळ ढिला पडला, सुटला नाही.
आत तीन राहिल्या होत्या, डुगडुगत.
सुट्ट्या दोन तिनं त्यांच्यातच खोचल्या.
पंचवीस, म्हणाली, आणि नाक पुसलं.

बारा लागलेच नाहीत तिला.
अकरा वर्षं मी प्रत्येक लेकराकडून
आधी बारा करून घेतलेत.

दुपारच्या खिचडीनंतर मी पेटी उघडली.
कुलूप गंजलेलं, तौफिकनं दगड मारला दोनदा.
मणी निघाले, लाल, पिवळे, चकचकीत.
सगळी डोकी एकावर एक.
अनुसयानं दहा मोजून ओंजळीत घेतले,
वरखाली केले, बोटांतून निसटू दिले.
हे बांधायचे कशानं, बाई?

मला सांगता आलं नाही.
एक लाल मणी कपाटाखाली गेला आहे,
समाधान अजून तुराटीनं काढतोय.
नोंदवहीत तूर्तास नव्याण्णव.
शेऱ्याची जागा मी मोकळी ठेवलीय.