दिसेल असा फरक

तार्तूत फेब्रुवारीत सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
उर्वे हातमोजे चढवते, एकावर एक, दोन जोड,
कारण उघड्या बोटाचा नुसता घाम लागला
तरी आरएनए होत्याचा नव्हता होतो.

तिसऱ्या दिवशी, अंड्यातून बाहेर पडता पडता,
पट्टेरी माशाच्या मेंदूत, अगदी मागच्या बाजूला,
एक नक्कल निघते. चार तास. मग नाही.
तिच्यावरून प्रथिन बनत नाही.
ती कुणाला काय सांगून जाते, कळत नाही.
जुने लोक म्हणायचे, खोगीरभरती.
हल्लीचे सावध: कार्य अज्ञात.

सहा वर्षं झाली.
उर्वेने मूळ ओळच कापून टाकली.
मासे जन्मले, पोहले, खाल्लं, अंडी घातली.
ओत्त म्हणाला, काडीचाही फरक नाही.
तिने वहीत लिहिलं, दिसेल असा फरक नाही,
आणि पेन तिथंच थोडा रेंगाळला.

संध्याकाळी ती नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात जाते.
झटका आल्यापासून वडिलांकडे एकच शब्द उरलाय:
तिम्मेल.
शब्दकोशात नाही. व्होरूच्या मावशीच्या बोलीतही नाही.
रोज दिवे लागताना, खिडकीकडे तोंड करून, एकदा.
फाइलीत नोंद आहे: निरर्थक उच्चार.
तिने ती पेन्सिलने खोडली, वर काय लिहावं सुचेना,
जागा मोकळीच ठेवली.

परवा त्यांना ताप होता. दिवे लागले, ते ग्लानीत.
शब्द आला नाही.
शेजारच्या खाटेवरच्या एल्मारने चमचा उचलला
आणि तसाच धरून बसला.
बिटाचं सूप, गार होऊन वर साय धरलेली.
सिर्ये दोनदा म्हणाली, जेवा हो आता.
तो खिडकीकडे बघत होता,
बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसा.

एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही.
एल्मारचं पोट बिघडलं असेल.
हे उर्वेला कुणी सांगायला नको.

तरी आज ती टाकीपाशी स्टूल ओढून बसलीय.
ओळ कापलेला एक मासा तिने
न कापलेल्या अकरांत सोडलाय,
आणि त्याच्याकडे ती बघत नाहीये.
ओत्त म्हणतो, अगं, तुझा मासा तिकडे, डावीकडे.
माहीत आहे, म्हणते.