पेव

आठ गाणी, एकूण अडतीस मिनिटं.
हरिपूरच्या वाटेवर हळदीचं एक पेव शिल्लक होतं, रिकामं.
त्यात दोरीनं माइक सोडला,
तोंडाशी स्पीकर ठेवून गाणी खाली ओतली
आणि तळातून जे परत आलं
तेवढंच घेतलं.
अल्बमचं नाव पेव.
स्टुडिओला पैसे नव्हते, हे खरं कारण.
सुकुमार उपाध्ये विचारणाऱ्याला वेगळं सांगतो,
पोकळी वगैरे.

मग लोक बोलायला लागले.

विश्रामबागच्या कट्ट्यावर दोन तट पडले.
एक म्हणे, झोप येते.
दुसरा म्हणे, झोप उडाली, परत द्या.
एकानं विचारलं, ड्रम कुठायत?
ड्रम मी वाजवतो.
ड्रम आहेत.
पेवानं गिळले.

सुकुमारचे वडील, अडते,
बाजार चालू असताना शेवटपर्यंत ऐकत बसले,
एकही फोन घेतला नाही.
मग म्हणाले,
"रुमालाखाली नुसती बोटं दाबत बसलाय रे.
भाव कधी बोलणार?"
आम्ही हसलो.
घरी जाताना गाडीवर मला ते हसू पुरलं नाही.

मिरजेत दस्तगीरभाईंनी तंबोऱ्याचा भोपळा मांडीवरून खाली ठेवला
आणि एक कान पुढे केला, चांगला होता तो.
"ओला भोपळा बी गोड बोलतो, बाबा.
वर्षभर वाळू दे.
चीर नाही गेली तर मग सांगतो."

एस्तेर सिस्टर म्हणाल्या,
तिसरं रात्रपाळीला लावत नाही, चौथं लावते.
का ते विचारू नकोस.
विचारलं नाही.
पण त्या दिवसापासून तिसरं वाजवताना
माझा हात जरा जपून पडतो.

माझी बहीण फटकळ.
"आठ गाण्यांत एकवीस वेळा 'तू' आहे,
नाव एकदाही नाही.
दुःखी कसले, घाबरट आहात तुम्ही."

आणि माघातल्या एका दुपारी
सुंदराबाई ऐवळे आल्या, नातीला घेऊन.
चप्पल दाराबाहेर, नजर आमच्या वायरींवर.
"सहावं गाणं संपल्यावर ते खोकत्यात म्हणं.
तेवढं लावा."

तातोबा ऐवळे. दोरी त्यांनीच धरलेली.
पेवात माइक जायच्या आधी त्यांनी कंदील सोडला होता.
आम्ही म्हटलं, मामा, माइकला कुठं श्वास लागतो?
ते म्हणाले, रीत हाय.
कंदील जळत राहिला. मग आमची गाणी.
ते वर बसून राहिले, बिडी न पेटवता, सगळी रात्र.
मार्गशीर्षात गेले.

तो खोकला आम्हाला नको होता.
पुण्याचा मिक्सिंगवाला पुसून देतो म्हणाला,
बाराशे जादा.
बाराशे नव्हते.

लावलं.
सुकुमारचा आवाज तळाशी जाऊन बसला,
गिटारची शेवटची तार विरत विरत विरत गेली,
मग दोनदा, कोरडा,
वरून.

सुंदराबाई हळूच म्हणाल्या, "पाणी घ्या की."
नातीनं आमच्याकडे बघितलं.
आम्ही फरशीकडे.

"परत लावा."
परत लावलं. पाच वेळा लावलं.
पाचव्यांदा त्या उठल्या, पदर सारखा केला,
चप्पल पायात सरकवली, आणि दारातून म्हणाल्या,
"गाण्यातलं मला काय कळत न्हाई.
पण त्यांच्या आधी ते तुणतुणं
उगी लांबवलंय तुम्ही.
संपलं की थांबावं."

त्या गेल्यावर मी मोजलं.
बावीस सेकंद.
लांबवलंयच.