रंगीत तालीम

सोहारच्या इस्पितळात साथ येणार होती
गुरुवारी, सकाळी साडेनऊला.
तसं परिपत्रकच निघालं होतं.

आठवडाभर मी भांडारात मोजत बसलो.
मास्कची बाराशे खोकी, त्यातली चाळीस मुदत संपलेली;
ती वेगळी काढली, टाकवली मात्र नाहीत.
हातमोजे मध्यम मापाचे ढीगभर, मोठ्या मापाचे शून्य,
जसं काही थोराड हातांना साथीत कामच नसणार.
श्वासयंत्रं अकरा, एक बंद.
डॉक्टर हिलाल म्हणाले, अकराच लिही,
त्याचा पार्ट जहाजावर आहे.
मी दहा लिहिली.
जहाजाला थोडीच नळी लावता येते.

गुरुवारी सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्या पडल्या.
हिरवी, म्हणजे चालू शकतो.
पिवळी, थांबू शकतो.
तांबडी, आत्ता.
मला काळी आली.
रोझलिन सिस्टर म्हणाली, सॉरी हं भाई,
साडेदहालाच गेलास तू. आता बोलायचं नाही.

पार्किंगमधल्या तंबूत पडून राहिलो,
नोव्हेंबर असूनही कापड तापलेलं,
चादर नाकावर.
मेलेल्याला ऐकू येतं हे त्यांच्या आराखड्यात नव्हतं.

शीतपेटीत जागा सहा.
सातव्याचं काय, यावर मासळीबाजाराचं नाव निघालं
आणि कुणीतरी पटकन विषय बदलला.
मग, घरच्यांना फोन कोण करणार, कुठल्या भाषेत?
मल्याळमला चाळीस जण.
बंगालीला एक, तो रजेवर.
मराठीला?
अरे, तो स्टोअरवाला आहे ना!
वैजयंता म्हणाली, तोच तर मेलाय.
तंबू हसला. मीही हसलो चादरीत,
आणि तिथंच थांबलो,
कारण देवरुखला फोन आई उचलते
आणि हिंदी ऐकलं की
‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते.

दुपारी जिवंत झालो, बिर्याणी खाल्ली,
आणि पाच भाषांतली पत्रकं घेऊन
बंदरामागच्या कामगार कॅम्पवर गेलो.
वाटेत खलफान आजोबांच्या मजलिसमध्ये थांबलो.
एकच फिंजान सगळ्यांच्या ओठांना लावून फिरवणारं गाव;
त्यांना वेगळ्या कपाचं सांगायचं कसं?
आजोबांनी ऐकून घेतलं, खजूर पुढं केला,
बराच वेळ कॉफी ओतलीच नाही.
मग नातवाला म्हणाले,
कपाट उघड. लग्नातले सगळे कप काढ.

कॅम्पमध्ये मोफिजुलनं पत्रक मोठ्यानं वाचलं :
ताप आल्यास आपल्या खोलीत एकटं राहा.
वाचून त्यानं वर पाहिलं.
चेष्टा नव्हती त्याच्या तोंडावर, खरीच शंका होती.
आपली म्हणजे कुठली?
त्याच्यामागं आठ बंक, खाली नववी गादी,
खिडकीच्या जागी एसी,
आणि दोरीवर नऊ जणांचे टॉवेल
एकमेकांना पुसत.

हिलाल साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला. तरी खोली तेवढीच.

तेव्हा मुकादम इक्बाल परकार पुढं झाला.
हा हर्णैचा, टेप कधी न बाळगणारा.
म्हणाला, कॅन्टीन रिकामं करतो. जेवण बंकावर.
आणि दोन्ही हात पसरून
भिंतीपासून मोजायला लागला,
खाट, एक वाव, खाट, एक वाव,
पाण्याची खोली मोजतात तसा,
टेबलांवरून चढून, उतरून, घामाघूम.
पलीकडच्या भिंतीला छाती टेकली तेव्हा
वळून म्हणाला, बावीस.
कॅम्पात माणसं सहाशे चाळीस.
पण बावीसांना वाव आहे, साहेब.
हिलाल साहेबांनी विचारलं, तो काय म्हणतोय?
मला त्या शब्दाचं नीट भाषांतर जमलं नाही.

रात्री भांडारात जमाखर्च लावला.
त्रुटींच्या रकान्यात लिहिलं :
मोठे हातमोजे.
बंगाली बोलणारा दुसरा.
मराठी बोलणारा दुसरा.
काळ्या पट्ट्या दिलेल्या बारा, परत आलेल्या अकरा.
बारावी खिशात होती माझ्या,
हाताला लागत होती.
तरी अकराच लिहिल्या.